चेंडू आणि चोपडी

क्रिकेटच्या खेळपट्टीवर दोन्ही टोकांच्या यष्ट्यांमध्ये 66 फुटांचं अंतर असतं. बेसबॉलमध्ये पिचर ज्या पट्टीवर पाय टेकवून चेंडू टाकतो, ती पट्टी आणि बॅटरसमोरची होमप्लेट यांच्यात 60 फूट 6 इंच. अंतर कमी, त्यात चेंडूला टप्पा नाही. पिचरला लांबून धावत येता येत नाही आणि खेळपट्टीची मदतही मिळत नाही. चेंडू वळवायचा, बुडवायचा, आत-बाहेर काढायचा, ते सगळं हवेतच. वेगवान चेंडूवर काय करायचं हे ठरवायला बॅटरला अर्धा सेकंदही मिळत नाही. म्हणून बेसबॉलमध्ये सामना बऱ्याच अंशी पिचरच्या हातात असतो.

पण तो सामना कोणत्या मैदानावर व्हायचा, कोणाशी व्हायचा आणि तिकिटांचे पैसे कोणाच्या गल्ल्यात जायचे, हे ठरवणारे हात वेगळे असतात. अँड्र्यू 'रूब' फॉस्टर या कृष्णवर्णीय अमेरिकन पिचरला हे ऐन उमेदीत उमगलं. त्याने चेंडू खाली ठेवला आणि हिशेबाची चोपडी उचलली. खेळाडू, मॅनेजर, संघाचा कारभारी आणि शेवटी एका संपूर्ण लीगचा अध्यक्ष, असा त्याचा प्रवास झाला. तो समजून घेतल्याशिवाय अमेरिकन बेसबॉलचा इतिहास अर्धाच कळतो.

कॅल्व्हर्टचा मुलगा

फॉस्टरचा जन्म 17 सप्टेंबर 1879 रोजी टेक्सासमधल्या कॅल्व्हर्ट या गावी झाला. वडील मेथडिस्ट चर्चमध्ये धर्मोपदेशक होते. मुलाचं लक्ष मात्र चेंडूत. विशीच्या आतच तो वेको यलो जॅकेट्स या फिरत्या संघातून खेळू लागला. सहा फुटांहून उंच, अंगाने भरभक्कम, टेक्सासच्या खास ढंगात संथ बोलणारा हा तरुण 1902 मध्ये शिकागोला आला आणि पुढच्या वर्षी पूर्व किनाऱ्यावरच्या क्यूबन एक्स-जायंट्स संघात दाखल झाला.

1903 च्या शरदात या संघाची फिलाडेल्फिया जायंट्सशी कृष्णवर्णीयांच्या अजिंक्यपदासाठी मालिका झाली. एक्स-जायंट्सने ती पाच सामने विरुद्ध दोन अशी जिंकली. पाचांपैकी चार विजय फॉस्टरचे. पुढच्या वर्षी हरलेल्या फिलाडेल्फियानेच त्याला आपल्याकडे ओढलं, आणि 1904 मध्ये त्याने आपल्या जुन्या संघाला हरवून अजिंक्यपद फिलाडेल्फियाला मिळवून दिलं.

'रूब' हे नाव त्याला कसं मिळालं याची एक कथा सांगतात. फिलाडेल्फिया ॲथलेटिक्सचा नामवंत गोरा पिचर रूब वॅडेल याला त्याने एका प्रदर्शनी सामन्यात हरवलं, आणि हरलेल्याचं नाव जिंकलेल्याला चिकटलं. न्यूयॉर्क जायंट्सच्या ख्रिस्टी मॅथ्यूसनला उलट वळणारा चेंडू फॉस्टरने शिकवला, अशीही एक आख्यायिका आहे. या आख्यायिकेला कागदोपत्री पुरावा नाही. मात्र गोऱ्या संघांतही त्याचा केवढा दबदबा होता, हे अशा कथांवरून कळतं.

पुरावा आहे तो त्याच्या विचारपद्धतीचा. सोल व्हाइट या खेळाडूने 1907 मध्ये कृष्णवर्णीयांच्या बेसबॉलचा इतिहास लिहिला. त्यात पिचिंग कसं करावं यावर फॉस्टरचा एक लेख आहे. तिन्ही बेसवर धावपटू उभे असताना, एका चेंडूवर सगळा निकाल लटकलेला असताना पिचरने काय करावं? चेहऱ्यावर काळजी दिसू देऊ नये, हसतमुख राहावं, म्हणजे अस्वस्थ व्हायची पाळी बॅटरवर येते, असं तो सांगतो. मनगटाच्या ताकदीइतकंच समोरच्या माणसाचं मन ओळखायचं, हा त्याचा धडा होता. पुढे मैदानमालकांशी आणि संघमालकांशी वाटाघाटी करताना हाच धडा त्याला उपयोगी पडला.

भिंत कुठे होती?

फॉस्टरसारखा पिचर गोऱ्यांच्या मोठ्या लीगमध्ये का नव्हता? त्याचं उत्तर त्याच्या बालपणातच लिहून झालं होतं. 1884 मध्ये मोझेस फ्लीटवुड वॉकर हा कृष्णवर्णीय कॅचर टोलेडोच्या संघातून सर्वोच्च पातळीवर खेळला होता. तीनच वर्षांनी, जुलै 1887 मध्ये इंटरनॅशनल लीगच्या मालकांनी यापुढे कृष्णवर्णीयांशी नवे करार करायचे नाहीत असं मतदानाने ठरवलं. मोठ्या लीगांनी तर कुठलाही नियम लिहिला नाही. मालकांमधल्या अलिखित समझोत्यावरच साठ वर्षं दार बंद राहिलं. लेखी नियम असता तर त्याच्याविरुद्ध दाद तरी मागता आली असती.

मग कृष्णवर्णीयांनी आपले संघ काढले. पण या संघांचं जिणं जत्रांच्या हंगामात फिरणाऱ्या फडासारखं. आज या गावी, उद्या त्या गावी. स्वतःचं मैदान जवळपास कोणाकडेच नाही. सामने ठरवायचे तर बुकिंग एजंटकडे जावं लागे, आणि हे एजंट बहुतेक गोरे असत. न्यूयॉर्क परिसरात नॅट स्ट्राँग या एजंटाच्या मर्जीशिवाय चांगली तारीख मिळणं कठीण होतं. एजंटाचा वाटा, मैदानाचं भाडं, प्रवास आणि खाणंपिणं वजा जाता उरेल ते खेळाडूंचं. पाऊस पडला की तेही नाही. वेळापत्रक नाही, गुणतक्ता नाही. जास्त पैसे दिसले की खेळाडू रातोरात संघ बदलत, कारण करार पाळायला लावणारी संस्थाच नव्हती.

या व्यवस्थेत सगळ्यांत चांगला चेंडू टाकणारा माणूसही एजंटच्या दारात हात जोडूनच उभा राहणार, हे फॉस्टरने ओळखलं.

शिकागोचा कारभारी

1907 मध्ये तो शिकागोच्या लेलँड जायंट्सचा खेळाडू-मॅनेजर झाला. त्या हंगामात संघाने 110 सामने जिंकले आणि 10 गमावले अशी नोंद आहे. प्रतिस्पर्ध्यांत स्थानिक आणि हौशी संघ पुष्कळ होते हे खरं, पण इतका लांब हंगाम इतक्या शिस्तीने खेळणं हे मॅनेजरचं यश होतं.

ऑक्टोबर 1909 मध्ये या संघाची गाठ मोठ्या लीगमधल्या शिकागो कब्जशी पडली. कब्जने 1907 आणि 1908 अशी लागोपाठ दोन वर्षं वर्ल्ड सिरीज जिंकलेली. तीन सामने झाले, तिन्ही कब्जने जिंकले, पण शेवटचे दोन निसटते. दुसऱ्या सामन्यात फॉस्टर स्वतः पिचिंगला उतरला. त्याच उन्हाळ्यात त्याचा पाय मोडला होता आणि मोठ्या खंडानंतर तो खेळत होता. नवव्या इनिंगपर्यंत त्याचा संघ 5-2 असा पुढे. शेवटच्या इनिंगमध्ये कब्जने बरोबरी साधली. पंचांच्या निर्णयावर वाद चालू असताना, खेळ थांबलेला आहे असं फॉस्टर समजत असताना, कब्जचा फ्रँक शुल्ट होमप्लेटवर धावत आला आणि पंचांनी ती धाव दिली. सामना 6-5 ने गेला. त्यानंतर फॉस्टरने पुन्हा लढतीची मागणी केली, पण ती झाली नाही. बरोबरीचा खेळ करणाऱ्यालाही बरोबरीची संधी मिळत नाही, हे शिकागोने पाहिलं.

यानंतर फॉस्टरने संघमालक फ्रँक लेलँडपासून फारकत घेतली. 1911 मध्ये जॉन शॉर्लिंग या गोऱ्या व्यावसायिकाशी भागीदारी करून त्याने शिकागो अमेरिकन जायंट्स हा संघ उभा केला. व्हाइट सॉक्स संघ नुकताच नव्या मैदानावर गेला होता. वेंटवर्थ अव्हेन्यू आणि 39 व्या रस्त्यावरचं त्यांचं जुनं लाकडी मैदान शॉर्लिंगच्या ताब्यात आलं आणि शॉर्लिंग पार्क म्हणून ओळखलं जाऊ लागलं. कृष्णवर्णीयांची वस्ती जवळ होती. फॉस्टरला हवं होतं ते मिळालं, कायमचं घरचं मैदान. आता तारखा तो ठरवणार होता. बाहेरच्या संघांना त्याच्याकडे यावं लागणार होतं.

संघ कसा चालवायचा याच्या त्याच्या कल्पना ठाम होत्या. बेसबॉलमध्ये 'बंट' नावाचा फटका असतो. बॅट जोरात न फिरवता ती चेंडूसमोर नुसती आडवी धरून तो जवळच मारून ठेवायचा आणि धाव घ्यायची. फॉस्टरच्या संघात प्रत्येकाला बंट करता आलाच पाहिजे, तोही त्याने आखून दिलेल्या जागी. चपळाई, बेस चोरणं, प्रतिस्पर्ध्याला क्षणभरही निवांत न बसू देणं ही त्याची शाळा. 1921 मध्ये इंडियानापोलिसविरुद्ध 18-0 ने मागे पडलेला त्याचा संघ शेवटच्या दोन इनिंगमध्ये 18-18 अशा बरोबरीपर्यंत पोहोचला. त्या दिवशी फॉस्टरने एकामागून एक बॅटरना बंटचा इशारा दिला होता असं सांगतात. बाकावर बसून तोंडातल्या पाईपच्या हालचालीने आणि धुराने तो इशारे देई, ही गोष्ट त्याच्या खेळाडूंनी पुढे वर्षानुवर्षं सांगितली.

दूरच्या दौऱ्यांवर त्याचा संघ पुलमन कंपनीच्या खास रेल्वे डब्यातून जाई. हा केवळ थाट नव्हता. ज्या गावांत कृष्णवर्णीयांना हॉटेलात खोली आणि खाणावळीत जागा मिळत नसे, तिथे झोपायची आणि जेवायची सोय डब्यातच होई. खेळाडू ताठ मानेने मैदानावर उतरत. 1910 च्या दशकाच्या मध्यानंतर फॉस्टरचं स्वतःचं पिचिंग कमी होत गेलं आणि कारभार वाढत गेला.

तेरा फेब्रुवारी

दक्षिणेतल्या शेतमजुरीला आणि दहशतीला कंटाळून या काळात लाखो कृष्णवर्णीय उत्तरेकडच्या औद्योगिक शहरांत येत होते. 1910 मध्ये शिकागोत त्यांची संख्या 44,103 होती, 1920 मध्ये ती 1,09,458 झाली. हातात रोख पगार आणि रविवारची सुट्टी असलेला नवा प्रेक्षक तयार झाला. या वाढीबरोबर वैरही वाढलं. 27 जुलै 1919 रोजी मिशिगन सरोवरात पोहताना युजीन विल्यम्स हा कृष्णवर्णीय मुलगा गोऱ्यांच्या दगडफेकीमुळे बुडून मेला आणि शिकागोत दंगल पेटली. 38 माणसं दगावली. ही दंगल शहराच्या दक्षिण भागात, फॉस्टरच्या संघाच्या परिसरातच झाली.

त्या हिवाळ्यात फॉस्टरने कृष्णवर्णीयांच्या वृत्तपत्रांतून लेख लिहून संघमालकांना बजावलं की संघटना झाली नाही तर या धंद्याची सूत्रं कायमची दुसऱ्यांच्या हाती जातील. मग 13 फेब्रुवारी 1920 रोजी मिझुरी राज्यातल्या कॅन्सस सिटीत, पॅसिओ वायएमसीएच्या इमारतीत बैठक झाली. तिथे निग्रो नॅशनल लीगचा जन्म झाला. त्या काळी कृष्णवर्णीय स्वतःही 'निग्रो' हा शब्द अभिमानाने वापरत, लीगच्या नावात तो तसाच इतिहासजमा झाला आहे. लीगची घटना लिहिण्याच्या कामात पत्रकारांबरोबर टोपेकाचे वकील एलिशा स्कॉट होते. शाळांमधला वर्णभेद घटनाबाह्य ठरवणाऱ्या 1954 च्या ब्राउन खटल्यात पुढे त्यांचेच मुलगे वकील म्हणून उभे राहिले.

आठ संघ सामील झाले. शिकागो अमेरिकन जायंट्स, शिकागो जायंट्स, क्यूबन स्टार्स, डेटन मार्कोस, डेट्रॉइट स्टार्स, इंडियानापोलिस एबीसीज, कॅन्सस सिटी मोनार्क्स आणि सेंट लुईस जायंट्स. मोनार्क्सचे जे. एल. विल्किन्सन हे एकमेव गोरे संघमालक. आपण जहाज आहोत आणि बाकी सारा समुद्र, या अर्थाचं घोषवाक्य फॉस्टरने लीगला दिलं. 2 मे 1920 रोजी इंडियानापोलिसमध्ये पहिला सामना झाला आणि एबीसीजने शिकागो जायंट्सला 4-2 असं हरवलं.

फॉस्टर अध्यक्षही झाला आणि खजिनदारही. पगार घेत नसे. सामन्यांच्या उत्पन्नातून पाच टक्के लीगच्या नियोजनासाठी त्याच्याकडे येत. पूर्वी एजंटच्या खिशात जाणारा हा वाटा आता लीग चालवायला लागे. एखादा संघ परगावी पैशाविना अडकला, पगार थकला, की तार शिकागोला येई आणि फॉस्टर पैसे पाठवी, कित्येकदा स्वतःचे.

लीग टिकायची तर सामने चुरशीचे हवेत, हे त्याने पक्कं ओळखलं होतं. डेट्रॉइटचा संघ उभा राहावा म्हणून त्याने आधीच आपला कसलेला खेळाडू पीट हिल तिकडे मॅनेजर म्हणून पाठवला होता. 1920 मध्ये ऑस्कर चार्ल्सटन हा त्या काळातला सर्वोत्तम म्हणावा असा खेळाडू त्याने इंडियानापोलिसला जाऊ दिला. आपल्याच संघाचा उजवा हात काढून प्रतिस्पर्ध्याला देणारा मालक विरळा. तरीही 1920, 1921 आणि 1922 ही पहिली तिन्ही विजेतेपदं अमेरिकन जायंट्सनीच मिळवली. 1923 मध्ये लीगने कृष्णवर्णीय पंच पगारावर नेमले. त्याच वर्षी पूर्वेकडे ईस्टर्न कलर्ड लीग सुरू झाली. आधी खेळाडूंच्या पळवापळवीवरून भांडणं झाली, मग समझोता झाला आणि 1924 मध्ये दोन्ही लीगच्या विजेत्यांची पहिली जागतिक मालिका खेळली गेली. कॅन्सस सिटी मोनार्क्सने फिलाडेल्फियाजवळच्या हिलडेल संघावर पाच विरुद्ध चार असा विजय मिळवला. एक सामना बरोबरीत सुटला.

एका खांद्यावरचं ओझं

फॉस्टरवर टीकाही झाली, आणि ती निराधार नव्हती. लीगचा अध्यक्ष, खजिनदार, वेळापत्रक आखणारा आणि त्याच लीगमधल्या सर्वांत बलाढ्य संघाचा मालक-मॅनेजर, हे सारं एकच माणूस. घरच्या मैदानावरचे जास्त सामने आणि सोयीच्या तारखा शिकागोला मिळतात अशी तक्रार इतर मालक करत. न्यायाधीश आणि पक्षकार एकच असू नये, हे तत्त्व इथेही लागू होतं. त्याच्या हेतूबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण कामं वाटून द्यायला, दुसरी फळी तयार करायला त्याने उशीर केला, हा त्याचा दोष मान्य करावा लागतो.

त्याची किंमत मोठी होती. 1925 मध्ये इंडियानापोलिसमधल्या मुक्कामाच्या खोलीत गॅसगळती होऊन तो बेशुद्ध सापडला. त्यातून वाचला, पण पुढच्या वर्षी त्याची मानसिक प्रकृती ढासळली. 1926 मध्ये त्याला इलिनॉयमधल्या कँकाकी इथल्या मनोरुग्णालयात दाखल करावं लागलं. तिथेच 9 डिसेंबर 1930 रोजी, वयाच्या 51 व्या वर्षी तो वारला. बर्फाळ थंडीत शिकागोत हजारो माणसं त्याच्या अंत्यदर्शनाला रांगेत उभी राहिली.

अमेरिकन जायंट्सने डेव्ह मलार्चरच्या नेतृत्वाखाली 1926 आणि 1927 ची विजेतेपदं मिळवली. फॉस्टरने घडवलेला संघ त्याच्याशिवाय खेळत राहिला. लीग मात्र महामंदीच्या तडाख्यात 1931 मध्ये बंद पडली. फॉस्टर आणि शॉर्लिंग यांची भागीदारी तोंडी होती, अशी नोंद सापडते. त्यामुळे फॉस्टरच्या पत्नीच्या, साराच्या हाती संघातला वाटा आला नाही. आठ मालकांना एका लेखी घटनेवर आणणाऱ्या माणसाच्या स्वतःच्या घराला कागदाचा आधार नव्हता.

मैदानाचं दार, कचेरीचं दार

फॉस्टर गेला, पण त्याने घालून दिलेली घडी मोडली नाही. 1933 मध्ये त्याच नावाने नवी लीग उभी राहिली. 1945 मध्ये जॅकी रॉबिन्सन कॅन्सस सिटी मोनार्क्सकडून खेळला, फॉस्टरच्या पहिल्या आठ संघांपैकी एकाकडून. तिथूनच ब्रुकलिन डॉजर्सनी त्याला नेलं, आणि 15 एप्रिल 1947 रोजी तो मोठ्या लीगमध्ये उतरला. मोनार्क्सना या बदल्यात एक डॉलरही मिळाला नाही. पाठोपाठ इतर खेळाडू गेले, प्रेक्षकही गेले, आणि कृष्णवर्णीयांचे संघ एकेक करून मिटले. खेळाडूंना दार उघडलं, पण संघ, मालक, मॅनेजर आणि हिशेबनीस बाहेरच राहिले. दार उघडेल तेव्हा आपण तयार असलं पाहिजे, असं फॉस्टर आपल्या माणसांना सांगे म्हणतात. ती तयारी झाली होती. उघडलं ते मात्र अर्धंच दार.

1981 मध्ये फॉस्टरचा समावेश कूपरस्टाउनच्या हॉल ऑफ फेममध्ये झाला. 1996 मध्ये त्याचा सावत्र भाऊ, डावखुरा पिचर बिल फॉस्टरही तिथे पोहोचला. डिसेंबर 2020 मध्ये, लीगच्या स्थापनेला शंभर वर्षं झाल्यावर, मेजर लीग बेसबॉलने 1920 ते 1948 या काळातल्या कृष्णवर्णीयांच्या सात लीगना मोठ्या लीगचा दर्जा दिला. मे 2024 मध्ये त्यांची आकडेवारी अधिकृत नोंदींत आली आणि कॅचर जॉश गिब्सन .372 च्या सरासरीने, टाय कॉबला मागे टाकत, कारकिर्दीच्या फलंदाजी यादीत पहिल्या क्रमांकावर गेला. ज्यांनी हे आकडे जमवले त्यांच्यापैकी जवळजवळ कोणीच ते छापलेले पाहायला उरलं नव्हतं.

फॉस्टरकडे थोर पिचर म्हणून पाहिलं तर त्याच्या कामाचा लहान भागच दिसतो. मैदान, वेळापत्रक, करार आणि गल्ला यांवर ताबा नसेल तर कौशल्य दुसऱ्याच्या मेहेरबानीवर जगतं, हे त्याने आपल्या समाजाला कृतीने दाखवलं. ही गोष्ट पटायला मोठ्या लीगला किती काळ लागला, ते तारखाच सांगतात. रॉबिन्सन मैदानात उतरला 1947 मध्ये. पहिला कृष्णवर्णीय मॅनेजर, फ्रँक रॉबिन्सन, क्लीव्हलँडच्या बाकावर बसला 1975 मध्ये. जनरल मॅनेजरची जबाबदारी पहिल्यांदा एका कृष्णवर्णीयाकडे, अटलांटा ब्रेव्हजच्या बिल लुकासकडे, आली 1976 मध्ये. रूब फॉस्टर ही दोन्ही कामं शिकागोत 1911 पासून करत होता.